आंजर्ल्याची धुई, सलालाहचा खरीफ

गेल्या जानेवारीत आठ दिवसांसाठी मामूंकडे आंजर्ल्याला गेले होते. मुंबईहून निघालेली रात्रीची गाडी पहाटे पाचला दापोलीला पोहोचली. तिथून रिक्षा केली. आसूदपर्यंत आभाळ स्वच्छ होते, चांदण्या दिसत होत्या. हर्णैच्या बाजूने खाली उतरू लागलो आणि रिक्षावाल्याने वेग कमी केला. पाडल्याजवळ तर त्याने डोके बाहेर काढून गाडी चालवली. खाडीवरचा पूल आला हे मला रस्त्याचा आवाज बदलला म्हणून कळले. पुलाखाली पाणी, पलीकडे नारळी, डावीकडे समुद्र, हे सगळे माझ्या आठवणीत होते. डोळ्यांपुढे दुधाच्या पातेल्यात बुडाल्यासारखी पांढरी धुई होती.

मामू फाटकापाशी उभे होते. सलाम झाला, मुंबईच्या सगळ्यांची खुशाली विचारून झाली. पण त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होते. मग खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, "बाय, तू पुलावरून आलीस तेव्हा पुलाचे कठडे दिसले का? की फक्त दिवे?"

मी म्हटले, "मामू, कठडे काय, मला माझी बॅग पण दिसत नव्हती."

"मग एक," असे म्हणून त्यांनी वहीत एक आकडा लिहिला आणि मगच बॅग उचलली. आतून मामी ओरडल्या, "पोरगी रातभर गाडीत बसून आयली, तिला पयली चाय तर पिऊ द्या!"

मामूंच्या वहीबद्दल घरात सगळ्यांना माहीत आहे. थोडी थट्टाही होते. नोव्हेंबर ते मार्च रोज फजरच्या नमाजानंतर ते अंगणात एका ठरावीक दगडावर उभे राहतात आणि पाच खुणा पाहतात. पहिली खूण विहिरीचा रहाट. दुसरी शेजारच्या वाडीतला फणस. तिसरी रस्त्यावरचा विजेचा खांब. चौथी पूल. पाचवी खाडीपलीकडचा डोंगर. जितक्या खुणा दिसतात तितका आकडा. शेजारच्या रकान्यात धुई किती वाजता उठली, वारा होता की नाही, आंब्याच्या पानाला हात लावल्यावर हात ओला झाला का, एवढे लिहायचे. शेवटच्या रकान्यात मोहोराविषयी दोन शब्द. बस. यंत्र म्हणाल तर एक मनगटी घड्याळ.

मला पूर्वी ही म्हाताऱ्या माणसाची हौस वाटायची. नंतर वाचनात आले की हवामान खात्याचे निरीक्षकही दृश्यमानता अशीच ठरवत आले आहेत. ठाऊक अंतरावरच्या इमारती, झाडे, मनोरे यांपैकी कुठपर्यंत दिसते ते पाहायचे. एक किलोमीटरच्या आतलेच दिसत असेल तर त्याला धुके म्हणायचे. त्याहून पुढचे अंधूक दिसत असेल तर ते धुके नव्हे, धूसर. विमानतळांवर आता त्यासाठी यंत्रे असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१५च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा मोठा अभ्यास चालवला आहे, कारण तिथे धुके पडले की शेकडो विमाने अडकतात. याच संस्थेची महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात ढगच तिथे जमिनीवर उतरतात, त्यामुळे ढगात शिरायला विमान लागत नाही. आंजर्ल्यात विमान अडकत नाही. अडकतो तो मोहोर.

मामू हे शिकले सलालाहमध्ये. ओमानच्या दक्षिण टोकाला, येमेनच्या सीमेकडे, धोफार नावाचा प्रांत आहे. सलालाह हे त्याचे मुख्य शहर. मामू तिथे ऐन तारुण्यात ड्रायव्हर म्हणून गेले. १९९०च्या आसपास तिथल्या डोंगरांवर धुक्यातून पाणी किती मिळते ते मोजण्यासाठी जाळ्या लावल्या गेल्या, तेव्हा मोजणाऱ्या माणसांना गाडीतून वर नेण्याचे काम काही महिने मामूंकडे होते. दोन खांबांमध्ये बारीक वीण असलेली जाळी ताणायची, खाली पन्हळ, पन्हळीला नळी, नळीखाली डबा. धुके वाऱ्याबरोबर जाळीतून जाते, थेंब धाग्यांना चिकटतात, मोठे होतात, ओघळतात. सकाळी डबा मोजायचा. साहेब लोक आकडे सांगायचे आणि मामू गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून लिहायचे. "मना इंग्रजी येत नव्हती, पण आकडे सगळ्यांचे सारखेच," असे ते सांगतात.

पुढे लग्नानंतर मीही सात वर्षे सलालाहला काढली. त्यामुळे मामूंचे आणि माझे एक वेगळे नाते आहे. घरातल्या इतरांनी आखात पाहिले ते दुबई-कुवेतचे, काचेच्या इमारतींचे आणि पन्नास अंशांच्या उन्हाचे. आम्ही दोघांनी पाहिले ते हिरवे. पहिल्यांदा सलालाहच्या रस्त्यावरून जाताना मी रडले होते हे आता कबूल करायला हरकत नाही. दोन्ही बाजूंना नारळी, केळी, पपया. टपरीवर शहाळी टांगलेली. आंजर्ल्याहून हर्णैला चालले आहे असे वाटावे. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे गेला होता. त्यालाही नारळ आणि विड्याचे पान तिथे पाहून नवल वाटले आणि त्याने त्यांचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले. त्या बंदरातून हिंदुस्थानात घोडे जात, आणि अनुकूल वाऱ्यात कालिकतचा प्रवास साधारण महिन्याभराचा, हेही त्याने नोंदवले आहे. म्हणजे आपले लोक तिकडे जाणे आणि तिकडचे इकडे येणे ही काही व्हिसा-पासपोर्टाच्या काळातली गोष्ट नव्हे.

जून संपत आला की तिथे खरीफ सुरू होतो. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू, पण धोफारमध्ये हा शब्द जूनअखेर ते सप्टेंबर या धुक्याच्या मोसमासाठीच वापरतात. आपल्या सातबाऱ्यावर आणि पीकपाण्याच्या गप्पांत जो खरीप आहे, तो हाच शब्द. रब्बीही तिकडचाच, रबी म्हणजे वसंत. मोसम हा शब्द तर मान्सून होऊन जगभर फिरला. आमच्या सोसायटीत एक नगरचे शेतकरी कुटुंबातले गृहस्थ होते. त्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे आमचे वडील आयुष्यभर अरबी बोलत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता!"

गंमत शब्दापुरती नाही, वाऱ्याचीही आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा दापोली तालुक्यावर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततो, तोच वारा वाटेत धोफारच्या किनाऱ्याला घासून जातो. तिथे तो किनाऱ्याजवळचे वरचे कोमट पाणी समुद्रात लोटतो आणि तळाचे थंड पाणी वर येते. ओलसर हवा त्या थंड पाण्यावरून गेली की गार होते आणि तिचे धुके बनते. आता हे धुके डोंगरावर चढून ढग का होत नाही, कोसळत का नाही? कारण वरून रुब-अल-खालीच्या वाळवंटाची तापलेली कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. धुक्याला वर जाता येत नाही. ते डोंगराच्या उतारांवरच तीन महिने रेंगाळते. भुरभुर पडते, पाऊस पडत नाही. सलालाह शहरात वर्षभराचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जुलैतल्या एका दिवसात तेवढा पडतो आणि शाळाही बंद होत नाही.

तरी त्या डोंगरांवर जंगल आहे. ते जंगल धुके पिऊन जगते. अंके हिल्डेब्रांट आणि मूळचे सुदानचे अल-फातिह अल-ताहिर या दोन संशोधकांनी या जंगलाचा अभ्यास करून २००६मध्ये लिहिले की झाडांच्या फांद्या-पाने धुके गाळून जे पाणी खाली टिपकवतात त्यावरच ती झाडे तगून आहेत. झाडे तोडली, उंटांनी खाल्ली, तर नुसत्या गवताला तेवढे पाणी गाळता येत नाही आणि मग नवे झाड उभे राहणे कठीण. त्या जंगलातले मुख्य झाड आपल्या धावड्याचे सख्खे भावंड आहे. खरीफमध्ये हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांची म्हणून जी मजार डोंगरावर आहे तिथे आम्ही जायचो, तेव्हा गाडीतून उतरल्यावर केसांवर मोत्यांसारखे थेंब जमायचे आणि झाडाखाली उभे राहिले तर भिजायला व्हायचे. झाडापासून दहा पावले दूर गेले तर कोरडे. ही गोष्ट मी स्वतः मुलांना करून दाखवत असे. डोंगर ओलांडून पलीकडे गेले की धुके संपते, आणि तिथल्या कोरड्या माळावर लोबानची झाडे. आपल्या घरांत ज्याचा धूर दिला जातो तो लोबान तिथल्या झाडाच्या सालीवर घाव घालून काढतात. एका डोंगराच्या अलीकडे धुक्यावर जगणारे आणि पलीकडे धुके सोसणार नाही असे झाड, मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता.

मामू परत आले तेव्हा त्यांच्या डोक्यात जाळीच होती. आंजर्ल्याला एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या लोकांना पाण्याची ओढ असते. कातळात विहीर खणणे सोपे नाही. मामूंनी वर सड्यावर बांबू रोवून, शेडनेटची जाळी ताणून, पत्र्याची पन्हळ लावून डबा ठेवला. गावातली पोरे बघायला जमली. पहिल्या सकाळी डब्यात चहाचा पेलाही भरेल इतके पाणी नव्हते. दुसऱ्या सकाळी तेवढेच, वर एक बेडूक. पंधरा दिवसांनी मामींनी ती जाळी उतरवून आणली आणि भाजीच्या वाफ्यावर घातली.

ती जाळी का फसली याचा विचार मामूंनी पुष्कळ केला आणि जे त्यांना उमगले ते पुस्तकांतही तसेच आहे. जाळीला नुसते धुके पुरत नाही, वाहते धुके लागते. धोफारला वारा धुके ढकलत आणतो, जाळीतून सतत ताजे धुके जात राहते. आपली हिवाळ्यातली धुई ही निवांत रात्रीची. आकाश निरभ्र, वारा पडलेला, रात्र मोठी. जमीन आपली ऊब आकाशाला देऊन गार होते, तिच्या लगतची दमट हवा गार होते. जोग नदीच्या खोऱ्यातून पहाटेचा मतलई वारा, शाळेत आपण पाठ केलेला तोच, थंड हवा हळूहळू खाडीकडे सरकवतो. खाडीचे पाणी त्या हवेहून कोमट असते, म्हणून पाण्यावर चहाच्या कपावर येते तशी वाफ दिसते. खाडीकाठ पांढराशुभ्र होतो आणि दोनशे पावले वर, कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढून गेलात तर लख्ख ऊन! तिथून खाली पाहिले तर धुईच्या वर सुवर्णदुर्ग आणि हर्णैचे दीपगृह दिसते. थोडा वारा सुटला की सगळे विरते. अशा धुईत जाळी टांगणे म्हणजे साचलेल्या डबक्यात मासेमारीचे वाण लावून भरती येण्याची वाट पाहणे.

जिथे वाहते धुके आहे तिथे मात्र लोकांनी खरेच पाणी मिळवले. वाळवंट आणि समुद्र शेजारी असलेल्या जागा जगात थोड्याच आहेत आणि बहुतेकांच्या किनाऱ्याला थंड प्रवाह आहे. कोकणातली कितीतरी कुटुंबे पिढ्यांपूर्वी केपटाऊनला गेली. तिथून उत्तरेला गेले की नामिबियाचे वाळवंट लागते. तिथे गोबाबेब नावाचे संशोधन केंद्र १९६०च्या दशकापासून आहे. समुद्रापासून सुमारे साठ किलोमीटर आत, आणि तिथपर्यंत धुके पोहोचते. तिथे पावसापेक्षा धुक्याचे पाणी भरवशाचे. केंद्राच्या नोंदींची साखळी समुद्रापासून आतपर्यंत पसरलेली आहे, आणि त्यात जाळ्या, वारा, तापमान असे सगळे यंत्राने टिपले जाते. तिथला एक काळा भुंगा धुके आले की वाळूच्या टेकडीच्या कण्यावर जाऊन डोके खाली, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर थेंब जमतात आणि ओघळून तोंडात येतात. हा भुंगा मामूंचा फार लाडका. टीव्हीवर त्यांनी तो पाहिला आहे. "सजद्यात गेल्यासारखा उभा राहतो," असे ते म्हणतात, आणि मामी म्हणतात की भुंग्यावरून मिसाल काढू नका.

चिलीतल्या चुंगुंगो या कोळ्यांच्या खेड्याची हकिकत मला जास्त लागून राहिली. तिथे पाणी टँकरने यायचे. १९९२मध्ये वरच्या डोंगरावरच्या मोठमोठ्या जाळ्यांचे पाणी नळाने गावात आले. सुमारे शंभर जाळ्या, दिवसाला सरासरी पंधरा हजार लिटर. लोकांनी परसात भाज्या लावल्या. गाव वाढले, बाहेर गेलेले परत आले. पण जाळ्या वाऱ्याने फाटतात, शिवाव्या लागतात. ते काम कोणी करायचे, पैसा कोणी द्यायचा हे ठरेना. दहाएक वर्षांत जाळ्या मोडल्या आणि टँकर परत आला. मोरोक्कोमध्ये सिदी इफ्नीजवळच्या बूत्मेझगिदा डोंगरावर दार सि हमाद या संस्थेने अशाच जाळ्या लावल्या आहेत. बर्बर खेड्यांतल्या बायका-मुलींचे दिवसाचे कित्येक तास विहिरीच्या वाटेवर जात होते, त्यांच्या घरात नळ आला. संस्थेचे काम जमिला बर्गाश या बाईंनी पुढे नेले, आणि २०१६मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा हवामानबदलाविषयीचा पुरस्कार मिळाला. आपल्या देशात कच्छच्या किनाऱ्यावर कोठारा गावात गिरजा शरण यांनी धुके नव्हे, दव गोळा करण्याचे प्रयोग केले. उतरत्या पत्र्याच्या छपरावर पहाटे जमणारे दव पन्हळीने टाकीत उतरवायचे. हे मी मामूंना सांगितले तेव्हा ते छपराकडे बघत राहिले. मामींनी लगेच बजावले, "छपराला हात लावायचा नाय."

दवाचा उपयोग आपण मात्र पूर्वीपासून करतोच, फक्त डब्यात मोजत नाही. भात कापल्यावर त्याच जमिनीत वाल, पावटा, कुळीथ टाकतात. पाऊस नाही, पाट नाही. जमिनीतली उरलेली ओल आणि रात्रीचे दव यावर ते पीक येते. मामींनी त्या दुपारी सुकट घालून वाल केले होते, तांदळाची भाकरी होती. तिसरी भाकरी घेताना मला कळले की मुंबईत आपण जेवत नाही, पोट भरतो.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. मामूंची हापूसची बाग मोठी नाही. काही झाडे खाडीच्या बाजूला, काही वर सड्याला. जानेवारी म्हणजे मोहोराचा महिना. मोहोर ओला राहिला, पाने नऊ-दहापर्यंत ओली राहिली की करपा येतो. थंडी आणि दमटपणा राहिला की भुरी. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात आणि त्यांच्या चिकट विष्ठेवर काळी बुरशी धरते. त्यात धुईत माश्या-मधमाश्या फिरत नाहीत, म्हणजे फळ धरण्यातही खोट. फवारणी करावी तर ओल्या पानावर औषध राहत नाही, वाहून जाते. आणि एका फवारणीचा खर्च, औषध, मजुरी, पंपाचे पेट्रोल, हा घरातल्या महिन्याच्या किराण्याहून जास्त. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मोबाइलवर येतो आणि तो चांगला असतो, मामू तो मोठ्याने वाचून दाखवतात. पण तो तालुक्यासाठी असतो. मामूंच्या खालच्या झाडांवर धुई आणि वरच्या झाडांवर ऊन, हे दापोलीत बसून कोणाला दिसणार? त्यासाठी ती वही. त्यांचा स्वतःचा नियम आहे: लागोपाठ तीन सकाळी आकडा दोनच्या आत आणि हात ओला, तर चौथ्या दिवशी पाने सुकल्यावर फवारायचे. नाहीतर थांबायचे. थांबण्यातच पैसा वाचतो.

मी आले ती तिसरी सकाळ होती.

मोहोरावरच बाग करायला घेणारे व्यापारी याच दिवसांत फिरतात. त्या दुपारी एक जण आला. खालची झाडे पाहिली, मोहोराचा तुरा हातात घेऊन झटकला, आणि धुईमुळे यंदा काही खरे नाही, असे म्हणत भाव बराच खाली सांगितला. मामू वही घेऊन आले. मागच्या वर्षीही याच दिवसांत धुई होती, पण ती आठला उठत होती, फळ धरले होते. व्यापाऱ्याने वही हातात घेऊन दोन पाने चाळली आणि हसून परत दिली. वहीवर भाव ठरत नाही, असे तो म्हणाला. तो वाईट माणूस होता असे नाही. त्याचेही पैसे गुंतणार होते. पण मामूंचा चेहरा मी पाहिला.

विम्याचेही तेच. फळपीक विम्यात अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वेगाचा वारा असे निकष असतात. स्वयंचलित केंद्रांवर पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजला जातो. तीन वर्षांपूर्वी मामूंचा खालचा सगळा मोहोर काळा पडला, तेव्हा त्यांनी विचारणा केली. समोरच्या माणसाने अदबीने ऐकून घेतले आणि सांगितले की चाचा, पाऊस नाही, तापमान मर्यादेत आहे, मग नुकसान कशाने दाखवू? धुक्याचा रकानाच नव्हता. माझे मत विचाराल तर धुक्यासाठी पैसे द्या असे मी म्हणणार नाही, ते हिशेबाचे काम आहे, मला त्यातले कळत नाही. पण निदान मोजा. ज्या गोष्टीने कोकणातल्या हजारो घरांचे वर्षाचे गणित बदलते ती कागदावर कुठेच नसावी हे मला पटत नाही.

आणि जे कागदावर होते तेही राहिले नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आले तेव्हा मामूंच्या घराची कौले आणि अर्धे छप्पर गेले. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळी-आंबे आडवे झाले ते तर सगळ्यांनी पाहिले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत वह्या होत्या. पेटी सापडली शेजारच्या वाडीत, उघडी. पुढे आठ दिवस वीज नसलेल्या घरात मामी पाने सुटी करून चुलीजवळ वाळवत होत्या. थोड्या वाचल्या, त्यांत शाई पसरून आकडे निळे ढग झाले आहेत. सलालाहच्या दिवसांतली ती पहिली वही गेलीच. मामू त्याबद्दल बोलत नाहीत. पडलेल्या झाडांबद्दल बोलतात.

दुबईला असलेला मामेभाऊ रोज रात्री फोन करतो. अब्बा, बाग दीर्घ कराराने देऊन टाका आणि मुंबईला या, तुमचे गुडघे आता चढ चढण्याजोगे राहिले नाहीत, असे तो म्हणतो, आणि चूक म्हणत नाही. मामी कधी त्याच्या बाजूने असतात, कधी नसतात. त्याची बारा वर्षांची मुलगी मात्र आजी-आजोबांकडेच शिकते. चौथ्या सकाळी तिला मामूंनी उठवले. मीही उठले. धुई होतीच, पण थोडी पातळ. मुलगी दगडावर उभी राहिली. रहाट दिसला, फणस दिसला, खांबाचा अंदाज आला. समुद्राच्या बाजूने दोन माणसे चालत आली. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांवर नजर ठेवणारे ते गावातलेच, पहाटे माग काढत फिरतात आणि सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित पुरून तारीख लिहून ठेवतात. मामूंनी त्यांना विचारले, किनाऱ्यावर किती? ते म्हणाले, "आज लाटेचा आवाज येत होता, लाट नाय दिसली." मामूंनी तेही लिहिले.

आठ वाजून चाळीस मिनिटांनी पाने सुकली. मामूंनी खालच्या झाडांना फवारणी केली, वरच्यांना केली नाही. एप्रिलच्या अखेरीस त्यांचा फोन आला. खालच्या झाडांचे निम्म्याहून अधिक गेले, वरच्यांनी लाज राखली, अल्हम्दुलिल्लाह. पेटी पाठवली आहे, गाडीवाल्याकडून उतरवून घे. करार केला का, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

त्या चौथ्या सकाळचे एक सांगायचे राहिले. पुलावरचे दिवे अजून जळत होते आणि धुईत त्यांचे पिवळे गोळे दिसत होते. मुलीने वहीत चार लिहिले. मामूंनी पाहिले आणि म्हणाले, तीन.

"पण दादा, पुलाचे दिवे दिसतात ना?"

"दिवा दिसतो. पूल दिसतो का?"

तिने पुन्हा नीट पाहिले. चार खोडून तीन लिहिले. मग थोडा विचार करून त्याच ओळीत, कोपऱ्यात, 'दिवे दिसले' असेही लिहिले. मामूंनी ते खोडायला लावले नाही. आत जाऊन त्यांनी पट्टी आणली आणि वहीच्या उरलेल्या पानांवर दिव्यांसाठी नवा रकाना आखायला बसले.